लाल दगडावरची हळद

संशय घेण्याबद्दल मला पगार मिळतो, असं मी गमतीनं म्हणायचो, पण ते अगदी खरं होतं. न्यू जर्सीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो आणि तयार झालेल्या गोळ्या बाहेर जाण्याआधी तपासणं हे माझं काम होतं. ज्यांनी गोळ्या केल्या त्यांच्या शब्दावर विसंबायचं नाही, मागची खेप चांगली निघाली म्हणून ही चांगली असेल असं धरून चालायचं नाही, आणि शंका उरली तर सगळा माल बाजूला काढायचा. बारा वर्षं हेच केल्यावर माणसाची नजरच तशी होते. दुकानदार हसला तरी मला वाटायचं, याला काय हवंय? देवाच्या बाबतीतही माझं तसंच होतं. मी नास्तिक नव्हतो. देव नाही असं म्हणायलाही पुरावा लागतो आणि तो माझ्याजवळ नव्हता. देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो की हात जोडायचो आणि मनात म्हणायचो, बघू.

त्या वर्षी आई पहिल्यांदा अमेरिकेत आली. वडिलांना विमानाची धास्ती, म्हणून ते साताऱ्याकडच्या आमच्या गावीच राहिले आणि आई एकटी आली. आम्ही तेव्हा जर्सी सिटीत राहत होतो. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं आणि आमच्या वस्तीतलं वातावरण तेव्हा चांगलं नव्हतं. साडी नेसलेली, कुंकू लावलेली बाई दिसली की चालत्या गाडीतून शिव्या देणारी टोळकी फिरायची. आपल्यापैकी काहींना मारहाणही झाली होती. आईचं कुंकू म्हणजे चांगलं रुपयाएवढं. एके दिवशी तिला वाण्याकडे घेऊन जात होतो. सिग्नलला गाडी थांबली आणि कोपऱ्यावर तीन पोरं उभी दिसली. ती आमच्याकडे बघतही नव्हती. पण मी खिशातून रुमाल काढला आणि शेजारी बसलेल्या आईच्या कपाळावरचं कुंकू माझ्या हातानं पुसून टाकलं. तिला आधी सांगितलं नाही, विचारलं तर मुळीच नाही.

आईनं रिकामं कपाळ चाचपलं. मग म्हणाली, "तुझे वडील धडधाकट आहेत रे अजून."

एवढंच. घरी आल्यावर तिनं आरशासमोर उभं राहून पुन्हा कुंकू लावलं आणि त्या दिवसापासून बाहेर पडणं बंद केलं. माझ्याशी बोलायची, पण जेवायला वाढू का, चहा ठेवू का, एवढंच. मी स्वतःची समजूत घालत होतो की मी तिच्या जिवासाठी केलं. ते खोटंही नव्हतं. पण रुमालावरचा तो लाल डाग धुतला तरी पूर्ण गेला नाही आणि तो रुमाल मी खिशात घालायचं टाळू लागलो.

माझी बायको सुनंदा शेवटी म्हणाली, "अहो, त्यांना कुठंतरी मोकळ्यावर न्या. इथं अपार्टमेंटमध्ये बसून त्या डिप्रेस होतायत." मला डोंगरात भटकायचा नाद होता. युटामधल्या लाल दगडांच्या दऱ्यांमध्ये मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं, म्हणजे मी, सुनंदा, आमची सहा वर्षांची मनू आणि आई, विमानानं आणि पुढे भाड्याच्या गाडीनं तिथं पोचलो. पहिल्याच सकाळी मनूचा कान दुखायला लागला. सुनंदा तिला घेऊन मोटेलमध्ये थांबली आणि आम्हा दोघांना तिनं जवळजवळ ढकलून बाहेर काढलं. "पाणी डबल कॅरी करा, आणि त्यांच्याशी जरा बोला," असं तिनं बजावलं. पाणी मी नेलं. बोलण्याचं काही जमलं नाही.

ती वाट जाऊन येऊन पाच मैलांची. आधी उघड्या लाल कातळावरून चढ, मग एका ठिकाणी खाली कोरड्या ओढ्यात उतरायचं, आणि ओढ्यातल्या वाळूतून दरीच्या टोकाशी असलेल्या मोठ्या कपारीपर्यंत जायचं. कातळावर पायवाट उमटत नाही, म्हणून तिथले लोक ठिकठिकाणी दगडावर दगड ठेवून छोट्या उतरंडी रचून ठेवतात. एका उतरंडीवरून पुढची दिसते आणि तसं चालत राहायचं. मी हे आईला सांगितलं का? नाही. मी पुढे चालत होतो आणि ती मागून येत होती, एवढंच आमचं चाललं होतं. नऊवारी वर खोचलेली, पायात सुनंदाचे कापडी बूट, आणि कमरेला तिचा नेहमीचा बटवा. गावी ती रोज मळ्यापर्यंत चालत जायची, त्यामुळे चालण्याची मला काळजी नव्हती. पण ती सारखी मागे रेंगाळत होती. मी वळून पाहिलं की ती चटकन हात पदराखाली घ्यायची. मला वाटलं, गुडघा दुखतोय आणि लपवतेय. असलं काही लपवलेलं मला सहन होत नाही, पण विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं.

असाच एकदा वळून पाहिलं तेव्हा आईच्या बऱ्याच मागे एक माणूस दिसला. उंच, पांढरी दाढी, गवती टोपी, पाठीवर पिशवी. वाटेवर माणूस दिसला यात काही विशेष नव्हतं. पण तो चालत नव्हता. आम्ही जिथं थांबलो होतो तिथं तोही थांबला, खाली वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग उठून आमच्या दिशेनं पाहू लागला. पुढच्या चढावर पुन्हा तेच. आम्ही थांबलो ती जागा, त्याचं वाकणं, त्याचं उठून आमच्याकडे बघणं. जर्सी सिटीतली ती टोळकी निदान ओरडायची तरी. हा मुकाट मागावर होता. ओसाड जागा, नऊवारीतली म्हातारी, मी एकटा. मी आईला म्हटलं, "जरा भरभर चल," आणि का ते सांगितलं नाही. तिथून पुढे मी वाटेपेक्षा मागेच जास्त पाहत होतो, पण आईकडे नव्हे, त्या माणसाकडे.

ओढ्यात उतरण्याची जागा मला नीट आठवत होती. उजव्या हाताच्या भिंतीतून तिथं थोडं पाणी झिरपतं, दगड काळपट ओला असतो आणि त्या ओलीवर नेचे उगवलेले असतात. शेजारीच एका मोठ्या दगडावर उतरंड रचलेली होती. परत येताना तीच पाहून ओढा सोडायचा आणि वर कातळावर चढायचं. मी थोडा पुढे जाऊन वळणावरून मागची वाट न्याहाळत उभा राहिलो. तो माणूस आता दिसेना. दिसत होता तोवर भीती वाटत होती, दिसेनासा झाल्यावर ती दुप्पट झाली. आई त्या ओल्या भिंतीपाशी चांगली दहा मिनिटं थांबली. मी दोन हाका मारल्या तेव्हा आली. तिच्या हातातली पाण्याची बाटली रिकामी होती. मला वाटलं प्यायली असेल, बरं झालं.

दरीच्या टोकाची कपार फार सुंदर आहे म्हणतात. मला तिच्यातलं काही आठवत नाही. आम्ही सावलीत बसून दशम्या खाल्ल्या, पाणी प्यालो आणि मी दर मिनिटाला वळणाकडे पाहत होतो. आई एकदा म्हणाली, "कुणाला शोधतोयस?" मी म्हणालो, "कुणाला नाही." साडेअकराच्या सुमारास आम्ही परत निघालो.

यापुढचं सांगताना मला अजून लाज वाटते. ओढ्यातून अर्धा-पाऊण तास चालल्यावर आई एका जागी थांबली आणि म्हणाली, "अरे, इथनं वर चढायचं ना?" डाव्या हाताला भिंत होती. ओल आणि नेचेही होते. पण उतरंड नव्हती. मी मोठ्या दगडावर पाहिलं, शेजारच्या दगडांवर पाहिलं. खूण नाही म्हणजे ही ती जागा नाही, असा सरळ हिशोब मी केला. आई म्हणाली, "हीच जागा आहे. मी ओळखते." मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "आई, खूण नाहीये इथं. तुला काय माहीत?" पूर्वीची आई असती तर भांडली असती, मला दंडाला धरून ओढलं असतं. पण कुंकवाच्या त्या दिवसापासून तिनं माझ्याशी वाद घालणं सोडून दिलं होतं. ती माझ्या मागून चालू लागली.

तो ओढा पुढे अरुंद होत गेला. वळणामागून वळण येत होतं आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, आता दिसेल खूण. ऊन डोक्यावर आलं. लाल भिंती तापून अंगावर झळ मारत होत्या. तासाभरानं ओढा एका उभ्या कड्याच्या टोकाशी येऊन संपला. पावसाळ्यात तिथून धबधबा पडत असणार. खाली चाळीस फूट नुसती हवा. माझं चुकलं होतं हे कळायला आणखी पुरावा नको होता. परत फिरलो. पाण्याच्या चारपैकी एका बाटलीत चार बोटं पाणी उरलं होतं. मी हिशोब केला होता तो आईची बाटली तिच्या पोटात गेली असं धरून, आणि तोही चुकलाच होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

थोडं अंतर चालल्यावर आई वाळूत बसली. मग आडवी झाली. मी तिला ओढत एका दगडाच्या वीतभर सावलीत नेलं. तिच्या कपाळाला हात लावला तर ते कोरडं आणि कढत होतं. इतक्या उन्हात घाम येणं थांबलंय याचा अर्थ मला कळत होता. उरलेलं पाणी थोडं थोडं करून तिला पाजलं. ती डोळे मिटून म्हणाली, "बैल सोडले का?" मग तिच्या आईला हाक मारली, जी जाऊन तीस वर्षं झाली होती. मदत आणायला जावं तर वाट माहीत नव्हती. मी नसताना आईला काही झालं तर? तिला उचलून न्यावं तर शंभर पावलांत मीच पडलो असतो. मी तिच्या पायांशी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ तपासायला काही उरलं नव्हतं. मी हात जोडले नाहीत, कुठलं स्तोत्रही म्हटलं नाही, येत असूनही आठवलं नाही. फक्त मोठ्यानं म्हणालो, "मला काही कळत नाहीये. आता तू बघ." कुणाला म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ते म्हणताना मनात 'बघू' नव्हतं, एवढं नक्की.

थोडाच वेळ गेला असेल. वाळूत पाय वाजले आणि वळणावरून तोच माणूस आला. पांढरी दाढी, गवती टोपी. आणि मी काय केलं? मदत मागून पुरती पाच मिनिटं झाली नसतील, आणि मी वाळूतला एक दगड उचलून मुठीत घेतला आणि आईच्या पुढे उभा राहिलो. तो थांबला. त्यानं दोन्ही हात वर केले. एका हातात पाण्याचा मोठा कॅन होता, दुसऱ्यात एक फडकं. ते फडकं पिवळंधमक होतं. त्यानं माझ्या मुठीकडे पाहिलं, मागे आडव्या पडलेल्या आईकडे पाहिलं, आणि माझ्या दगडाची काही फिकीर न करता सरळ पुढे येऊन तिच्याजवळ गुडघे टेकले.

"हळू," तो इंग्रजीत म्हणाला. "एकदम पाजू नकोस. आधी अंग भिजव." त्यानं कॅनमधलं पाणी तिच्या मानेवर, हातांवर, पायांवर ओतलं. मग ते पिवळं फडकं भिजवून तिच्या कपाळावरून फिरवलं आणि दचकून हात मागे घेतला. फडक्याला लाल लागलं होतं. "डोक्याला लागलंय का हिच्या?" मी म्हणालो, "नाही. ते रक्त नाही." माझ्या मुठीतला दगड कधी खाली पडला ते मला कळलंच नाही. त्याच्या पिशवीत खारी बिस्किटं होती. घोट-घोट पाणी आणि बिस्किटाचे तुकडे, असं आम्ही दोघांनी मिळून तासभर केलं. हळूहळू आईच्या कपाळावर घाम फुटला. घाम पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तिनं डोळे उघडले. आधी त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात उचलून कपाळ चाचपलं आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अरे, माझं कुंकू पुसलं का?"

मी तिच्या कमरेचा बटवा सोडला. आत कुंकवाचा छोटा करंडा होता, थोड्या अक्षता होत्या आणि हळदीची पुडी होती, जवळजवळ संपलेली. त्या फडक्यानं तिच्या कपाळावर हळदीचा पिवळा पट्टा उमटला होता. त्यावर मी माझ्या बोटानं कुंकू लावलं. ते वेडंवाकडं झालं. आई माझ्याकडे बघत राहिली. मला रडू आलं आणि त्या परक्या माणसासमोर मी ते आवरलं नाही.

त्याचं नाव वॉल्टर. शाळामास्तर होता, निवृत्त झाल्यावर जवळच्या गावात एकटा राहायचा. लोक दगडांवर नावं कोरतात, रंग लावतात, त्याचा त्याला भयंकर संताप. आठवड्यातून एकदा तो ब्रश आणि पाणी घेऊन वाटेवरचं असलं सगळं पुसत फिरायचा. त्या दिवशी त्याला प्रत्येक उतरंडीच्या वरच्या दगडावर ताजा पिवळा रंग दिसला. रंग लावणारे पुढेच चालले होते, एक माणूस आणि एक म्हातारी. "तुम्हाला गाठून चार शब्द सुनवायचे, असं ठरवलं होतं मी," तो म्हणाला. म्हणजे मी त्याच्यावर जितका संशय घेत होतो तितकाच तो माझ्यावर घेत होता. पण तो रंग निघेना. घासावं तितका दगडात मुरत जायचा. जवळचं पाणी संपलं तसा तो चिडून परत आपल्या ट्रककडे गेला आणि पाण्याचा मोठा कॅन भरून घेऊन आला. म्हणून तो मधे दिसेनासा झाला होता. पाणी घेऊन ओढ्यात उतरला तेव्हा आम्ही ती जागा ओलांडून गेलो होतो. ज्या अंगाला कुणीही जात नाही, त्या बाजूच्या एका दगडावर त्याला बोटाचा पिवळा ठसा दिसला. आई चालता चालता तिथं टेकली होती. त्या ठशावरून तो आमच्या मागे आला.

मी त्याला विचारलं, आणि अजून माझ्या आवाजात धार होती, "मग ओढ्यातून वर चढायची खूण कुणी काढली?"

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "चल, दाखवतो," म्हणाला.

ऊन कलल्यावर आईला दोघांच्या मधे धरून आम्ही हळूहळू निघालो. आई जिथं थांबून 'हीच जागा' म्हणाली होती, तिथंच तो थांबला. मोठ्या दगडामागे, ओल्या भिंतीच्या पायथ्याशी, नेच्यांच्या आड सात दगड एका ओळीत मांडलेले होते. प्रत्येकाला हळदीचं बोट, समोर अक्षता, आणि त्यांच्याखालची वाळू अजून दमट होती. आमच्या गावी नदीच्या डोहापाशी साती आसरांचे असेच सात दगड आहेत. पाण्याच्या सात देवता. पोराबाळांना पाण्यापासून जपा म्हणून बायका त्यांना आंघोळ घालतात, हळदकुंकू वाहतात. मी लहान असताना आई मला दर वर्षी तिथं नेऊन डोकं टेकवायला लावायची.

"आई, हे तू मांडलंस?"

"मग? पाणी आहे तिथं त्या असायच्याच," आई म्हणाली. "इथं कुणीतरी नुसते एकावर एक रचून ठेवले होते. ही काय पद्धत झाली देव ठेवायची? मी ओळीनं मांडले आणि आंघोळ घातली. परक्या मुलखात आलो, जागेच्या मालकिणींना विचारायला नको? वाटेवरच्याही सगळ्या ढिगांना बोट लावलं. कुंकू लाल दगडावर दिसेना, म्हणून हळद." मग तिनं माझा चेहरा पाहिला. "का रे? ते देव नव्हते?"

"नाही. त्या वाटेच्या खुणा होत्या."

"मला कुणी सांगितलं होतं?"

तिची ती पाण्याची बाटली कुठं गेली, हेही मला तेव्हा कळलं. ज्या उतरंडीवर माझा आईपेक्षा जास्त विश्वास होता ती तिनं उतरवली होती, आणि माझी वाट जिथून चुकली त्या जागेवर उभं राहून तिनं मला खरं सांगितलं होतं. दोन्ही तीच. मी सगळं वॉल्टरला समजावून सांगितलं. मला वाटलं आता तो रागावेल. त्यानं वाकून ते सात दगड एकेक करून पाहिले. मग म्हणाला, "तिला विचार, हे आता उचलले तर चालतील का?" आईनं बटव्यातल्या उरलेल्या अक्षता दगडांवर टाकल्या, एकेका दगडाला हात लावून नमस्कार केला, पुटपुटत काहीतरी निरोप दिला आणि म्हणाली, "आता उचला." तेवढा वेळ वॉल्टर टोपी काढून उभा होता. मग त्यानं ते सात दगड एकावर एक रचले आणि आम्ही वर चढलो.

गावातल्या दवाखान्यात आईला सलाइन लावलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. सुनंदा तिच्याजवळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच परत त्या वाटेवर गेलो. वॉल्टर आधीच तिथं येऊन पहिली उतरंड घासत होता. मी शेजारी बसलो आणि दुसरा ब्रश घेतला. दोघंही घासत होतो. थोड्या वेळानं माझ्यातला केमिस्ट जागा झाला आणि मी म्हणालो, "खरं सांगू? याला घासायची गरजच नाही. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तू नुसता दोन-तीन आठवडे थांबला असतास तरी आपोआप उडून गेला असता."

वॉल्टरचा हात थांबला. "म्हणजे एवढं पाणी मी उगाच वाहून आणलं."

"उगाच नाही," मी म्हणालो. आम्ही पुन्हा घासायला लागलो.

या गोष्टीची मी नंतर पुष्कळदा तपासणी केली आहे. सवय जात नाही. आईनं हळद लावली नसती तर खूणही हलली नसती आणि आम्ही वेळेत मोटेलवर पोचलो असतो, असं कुणी म्हणालं तर मी ते खोडून काढू शकत नाही. हळद चटकन निघाली असती तर वॉल्टर पाण्याचा कॅन घेऊन आला नसता, हेही तितकंच खरं. एक कळ फिरवली की सगळं योगायोग दिसतं, दुसरी फिरवली की सगळी कुणाची तरी योजना दिसते. मी हा माल पासही केलेला नाही आणि परतही पाठवलेला नाही. पण ज्या पिवळ्या खुणांपायी एक चिडलेला माणूस आमच्या मागे लागला, त्याच पुसायला आणलेलं पाणी माझ्या आईच्या तोंडात गेलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मी तेव्हा हातात दगड घेऊन उभा होतो. मदत माझी परवानगी मागायला थांबली नाही. तेवढ्यासाठी मी रोज, आता खरोखर, हात जोडतो.

जर्सी सिटीला परतल्यावर पहिल्या रविवारी आईनं आपण होऊन विचारलं, "वाण्याकडे जातोयस का? मी येते." रस्त्यावरचं वातावरण काही बदललेलं नव्हतं. माझी भीतीही गेलेली नव्हती, खोटं कशाला सांगू. ती साडी नेसून, रुपयाएवढं कुंकू लावून दारात आली. मी म्हणालो, "आई, थांब जरा," आणि खिशात हात घातला. तिचा चेहरा एकदम उतरला. तिनं डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

मी रुमाल काढला. तोच, पुसटसा डाग राहिलेला. त्याच्या टोकानं तिच्या कुंकवाची एका बाजूला ओघळलेली कड नीट केली आणि म्हणालो, "जरा तिरकं झालं होतं. आता चल." आणि त्या दिवशी मी तिच्या पुढे नाही, तिच्या शेजारून चाललो.